चंदिगढची तिन्हीसांज आणि घर शिकणारी पिल्लं

चंदिगढला जाणाऱ्या माणसाची यादी बहुधा ठरलेली असते. रॉक गार्डन, सुखना तलाव, रोझ गार्डन, सेक्टर १७ मध्ये खरेदी आणि सुट्टी उरली तर कसौली नाहीतर शिमल्याची फेरी. तुमचीही यादी अशीच असेल तर तिच्यात एक संध्याकाळ रिकामी ठेवा. सुखना तलावाच्या वरच्या अंगाला, शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी कैंबवाला नावाचं गाव आहे. तिथे तिकीट नाही, सेल्फी पॉइंट नाही. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी गल्लीतून चालायला लागा आणि अंगणांकडे बघत राहा. म्हशी परतत असतात, कुठे चुलीचा धूर वर चढत असतो आणि एखाद्या भिंतीच्या कडेनं कोंबड्या घराकडे निघालेल्या दिसतात. कुणी हाकललेलं नसतं, कुणी बोलावलेलं नसतं, तरी त्या वेळ झाली की निघतात.

गावात वाढलेल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. पण यातल्या प्रत्येक कोंबडीला कधी ना कधी कुणीतरी घर शिकवलेलं असतं. गेल्या मार्चमध्ये मी बहिणीकडे चंदिगढला तीन आठवडे होते. तिच्याकडे दूध घालणारं कुटुंब कैंबवालाचं. त्या घरच्या आजीबाईंना सगळे बीजी म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. बीजींनी नुकतीच पिल्लं आणली होती. ती पिल्लं घर कशी शिकली ते मी जवळजवळ रोज संध्याकाळी जाऊन पाहिलं. तेच तुम्हाला सांगते. तुमच्या गावाकडच्या घरी, फार्महाऊसवर किंवा परसात कधी पिल्लं आणलीत तर उपयोगी पडेल.

आपल्या मराठीत या कामासाठी एक खास क्रियापद आहे, 'डालणे'. तिन्हीसांजेला कोंबड्या डालायच्या, म्हणजे डालग्याखाली किंवा खुराड्यात बंद करायच्या. माझी आजी दिवा लावायच्या आधी 'कोंबड्या डालल्या का गं?' असं विचारायची. शहरात वाढलेल्या मुलांना हा शब्द माहीत नसतो, त्यांना 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण मात्र पाठ असते. ते झाकणं म्हणजेच हे डालणं. पंजाबीत खुराड्याला 'खुड्डा' म्हणतात आणि पिल्लांना 'चूचे'. चंदिगढच्या कडेला खुड्डा लाहोरा आणि खुड्डा अलीशेर अशी गावंच आहेत, त्यामुळे हा शब्द लक्षात ठेवायला मला काही त्रास पडला नाही.

सूर्याचा हिशेब करणारं शहर

चंदिगढ हे आखलेलं शहर. फाळणीत लाहोर पलीकडे गेलं आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली, म्हणून अनेक गावांच्या जमिनी घेऊन १९५० च्या दशकात हे उभं राहिलं. ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकारानं आखलेला एकेक सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटरचा. कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये 'टॉवर ऑफ शॅडोज' नावाची एक रिकामी काँक्रीटची वास्तू आहे. सूर्य वर्षभर कुठून कसा फिरतो आणि त्याचं ऊन थेट आत येऊ न देता इमारत कशी बांधता येते, हे दाखवण्यासाठी ती आखली. गाइडबरोबर फिरताना ती जरूर बघा, कारण संध्याकाळी कैंबवालात जे दिसतं तेही सूर्याच्या हिशेबाचंच काम आहे.

रॉक गार्डन तर तुम्ही बघालच. ते करणारे नेकचंद सैनी सरकारी बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते आणि स्वतः फाळणीत घर सोडून आलेले. शहरासाठी जी गावं पाडली गेली त्यांच्या ढिगाऱ्यातून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा गोळा केल्या आणि जंगलातल्या एका ओढ्याकाठी, कुणाला न सांगता, वर्षानुवर्षं मूर्ती उभ्या केल्या. १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. तिथून बाहेर पडलं की मोडलेल्या घरांचा विचार मनात राहतोच, आणि पुढे टेकड्यांच्या बाजूला वळलं की जी गावं उरली त्यांतलं एक समोर येतं.

ही गावं उरली त्यामागे एक कायदाही आहे. शहराभोवती वाटेल तशी बांधकामं होऊ नयेत म्हणून १९५२ मध्येच पेरिफेरी कंट्रोल कायदा केला गेला. आधी पाच मैलांचा पट्टा, पुढे तो दहा मैलांचा झाला. कायदा कागदावर जितका कडक तितका जमिनीवर राहिला नाही, हे तिथे फिरताना दिसतंच. तरी अजून काही घरांना अंगण आहे, अंगणात धरेकचं झाड आहे (आपला बकाणनिंब) आणि झाडाखाली खुड्डा आहे.

आई नसलेली पिल्लं

बीजींची पिल्लं सरकारी फार्मची होती. चंदिगढच्या इंडस्ट्रियल एरियात केंद्र सरकारची सेंट्रल पोल्ट्री डेव्हलपमेंट ऑर्गनायझेशन आहे. परसात पाळण्याजोग्या कोंबड्यांची पैदास, पिल्लांचा पुरवठा आणि शेतकऱ्यांना प्रशिक्षण हे तिचं काम. रंगीत पिसांची 'चाब्रो' ही जात याच केंद्राची. अशीच केंद्रं भुवनेश्वरला, बंगळुरूजवळ हेसरघट्टाला आणि आपल्या मुंबईत आरे कॉलनीत आहेत.

या पिल्लांचा सगळा फरक एका गोष्टीत आहे. ती यंत्रात उबवलेली असतात. माझ्या आजीकडे एखादी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची आणि एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर. मग पुढचं सगळं शिक्षण तिच्याकडे. दाणा कुठला, किडा कुठला, घार आली की कुठल्या झुडपाखाली शिरायचं आणि अंधार पडायच्या आत कुठे जायचं. पिल्लं तिच्या मागे मागे जायची, तिच्या पंखाखाली झोपायची आणि पंधरा दिवसांत खुराडं त्यांचं होऊन जायचं. आजीनं कधी पिल्लांना वळण लावल्याचं मला आठवत नाही. तशी गरजच नव्हती.

यंत्रातल्या पिल्लाला हे दाखवणारं कुणी नसतं. त्याला ऊब म्हणजे बल्ब आणि घर म्हणजे खोका. तो खोका काढून घेतला की ते जिथे असेल तिथेच बसतं, कोपऱ्यात एकमेकांवर चढून. बीजींनी हे भोगलेलं होतं. मागच्या वर्षी त्यांनी दहा पिल्लं आणली, पिसं फुटल्यावर अंगणात सोडली आणि संध्याकाळी येतील आपली आपण म्हणून वाट पाहिली. आठवड्याभरात तीन उरली. मुंगूस, मांजर आणि एका रात्री बहुतेक कोल्हा. कैंबवालाच्या पाठीशी सुखना अभयारण्याचं जंगल आहे, १९९८ मध्ये घोषित झालेलं, सुमारे २६ चौरस किलोमीटरचं. रात्री बाहेर राहिलेलं पिल्लू सकाळी सापडण्याची आशा तिथे कुणी करत नाही.

बीजींचा नऊ वर्षांचा नातू तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. या वेळी पिल्लं आणायची तर मोजायचं काम माझं, अशी त्याची अट होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पंधरा आणली. चंदिगढची फेब्रुवारीतली थंडी तुम्हा-आम्हाला सोसत नाही, पिल्लांचं काय सांगावं. दोन पहिल्या आठवड्यात गेली, तेरा राहिली. मी पोहोचले तेव्हा ती पाच आठवड्यांची होती, अंगावर पिसं आलेली, मानेचा भाग अजून उघडा.

ती वर का चढतात?

शिकवण्याची पद्धत सांगण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. आपली गावठी असो की फार्मची, कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. तो शिवालिकच्या जंगलात आजही आहे. दिवसा तो जमिनीवर उकरतो, रात्री झाडावर चढून झोपतो. (सह्याद्रीत आपल्याला दिसतो तो करडा रानकोंबडा, त्याचा चुलतभाऊ. पण त्याचाही वाटा आहे बरं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की कोंबडीच्या पायांची पिवळी कातडी या करड्या भावाकडून आली आहे.)

कोंबडीला दिवसा रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, पण अंधारात तिचं फारसं काही चालत नाही. म्हणून उजेड कमी व्हायला लागला की तिला उंच, बंदिस्त आणि ओळखीची जागा हवी असते. ही ओढ जन्मजात आहे. ती शिकवावी लागत नाही. शिकवायचं असतं ते एवढंच, की ती जागा म्हणजे हा खुड्डा. हे तुम्ही वेळेत पटवलं नाही तर पिल्लू आपली जागा स्वतः शोधतं, कधी स्कूटरखाली तर कधी लाकडांच्या ढिगात.

शिवाय चंदिगढमध्ये संध्याकाळ एका जागी थांबत नाही. मुंबईत जूनअखेरीला सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि नोव्हेंबरअखेरीला सहाच्या सुमाराला, म्हणजे सव्वा-दीड तासाचा फरक. चंदिगढ बरंच उत्तरेला. तिथे जूनअखेरीला साडेसात वाजता सूर्यास्त आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पाच वाजून वीस मिनिटांनी. दोन तासांहून जास्त फरक झाला. घड्याळ बघून कोंबड्या डालायच्या म्हटलं तर तिथे जमणारच नाही. म्हणून बीजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाहीत, टेकडीकडे बघतात. ऊन टेकडीच्या माथ्यावर गेलं की डबा हातात घेतात.

आठ दिवस कोंडून

पहिली पायरी ऐकायला निर्दय वाटते. पिल्लं खोक्यातून काढून खुड्ड्यात ठेवायची आणि सात-आठ दिवस बाहेर सोडायचीच नाहीत. खाणं आत, पाणी आत, झोप आत. बीजींचा खुड्डा विटांचा, वर पत्रा, पत्र्यावर पाचट टाकलेलं, समोर जाळीचं दार. वरच्या बाजूला हवा जायला दोन विटांची भोकं. आतल्या जमिनीवर भुसा. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक बांबू आडवा, त्यावर पिल्लांनी चढून बसायचं.

नातवाला हे पटत नव्हतं. जाळीला नाक लावून तो रोज म्हणायचा, 'दादी, आज सोड ना.' बीजींचं एकच उत्तर, आधी घर कळू दे, मग अंगण. तुम्हीही इथे धीर सोडू नका. चार दिवसांत सोडलेली पिल्लं कधी जमवून घेतात, कधी नाही. आठ दिवसांत बहुतेक जमवतात. फक्त जागा पुरेशी हवी आणि उन्हाळा असेल तर सावली हवी. एप्रिलनंतर तिथली दुपार इतकी तापते की पत्र्याखाली कोंडलेलं पिल्लू गुदमरून जाईल. तेव्हा कोंडण्याचे दिवस निवडताना ऋतू बघा. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यालाही हेच लागू.

या आठ दिवसांत दुसरं काम आवाजाचं. बीजी दाणे द्यायच्या आधी पत्र्याचा डबा तीनदा वाजवायच्या आणि 'आ, आ, आ' अशी हाक द्यायच्या. दाणे टाकल्यावर नाही, आधी. तिसऱ्या दिवसापासून डबा वाजला की तेराही माना एकदम वर व्हायच्या. आमच्याकडे आजी 'तीऽ तीऽ तीऽ' करायची. हाक कुठलीही चालते, पण ती रोज तीच हवी आणि तिच्यामागे दरवेळी दाणा हवा. नुसतं बोलावून फसवलंत तर दोन दिवसांत हाकेची किंमत जाते. मुलांना कुल्फीचं आमिष दाखवून घरी आणणाऱ्या आयांना हे वेगळं सांगायला नको.

रात्री अंधार पडल्यावर बीजी टॉर्च हातानं अर्धी झाकून आत बघायच्या. पहिल्या रात्री सगळी पिल्लं कोपऱ्यात ढीग करून बसली होती. असा ढीग धोक्याचा, खालची गुदमरतात. त्यांनी एकेक उचलून बांबूवर बसवलं. अंधारात कोंबडी भांडत नाही, ठेवाल तिथे बसते. तीन-चार रात्री हे करावं लागलं. मग निम्मी स्वतः चढायला लागली आणि उरलेली त्यांचं बघून.

पहिली संध्याकाळ

नवव्या दिवशी दार उघडलं, पण सकाळी नाही. मावळतीच्या तासभर आधी. ही युक्ती मला सगळ्यांत आवडली. सकाळी सोडलं असतं तर पिल्लं दिवसभरात कुठल्या कुठे गेली असती. संध्याकाळी सोडलं की लांब जायला वेळच नसतो आणि पोट रिकामं असतं. त्या दिवशी दुपारचा दाणा बीजींनी मुद्दाम दिला नव्हता.

तेरापैकी चार तर दाराच्या बाहेर पडलीच नाहीत. बाकीची दोन पावलं गेली, मातीत चोच मारली, परत आली, पुन्हा गेली. ऊन टेकडीवर चढलं तसा डबा वाजला. बरीचशी धावत आत. आता खरं काम. उरलेल्यांच्या मागे कुणी धावायचं नाही, ही बीजींची सक्त ताकीद. पाठलाग केलात की पिल्लाला खुड्ड्याची दिशा म्हणजे संकटाची दिशा वाटते आणि आठ दिवसांची मेहनत पाण्यात जाते. आत एक छोटा बल्ब लावलेला होता. बाहेर अंधारत गेलं तसं आतलं उजळ दिसायला लागलं आणि एकेक पिल्लू त्या उजेडाकडे सरकलं. सगळी आत गेल्यावर दार लावायचं, पाच-दहा मिनिटांनी बल्ब बंद.

शहरात किंवा शहराच्या कडेला राहत असाल तर या बल्बाचं महत्त्व जास्त. गल्लीतला दिवा संध्याकाळी लागला की त्याचा उजेड अंगणात पडतो आणि पिल्लांना वाटतं दिवस अजून आहे. ती बाहेर रेंगाळतात, मग अचानक झोप येते आणि जागच्या जागी बसतात. खुराड्याचं तोंड रस्त्याच्या दिव्याकडे नसेल असं बघा. परदेशात तर उजेड कमी झाला की आपोआप बंद होणारी खुराड्याची दारं बाजारात मिळतात. सोय चांगली आहे, पण त्या दाराला मोजता येत नाही, बाहेर कोण राहिलं हे ते सांगत नाही.

मोजायचं काम नातवाचं. तो पंजाबीत मोजायचा, मी मनात मराठीत. तेरा झाल्याशिवाय कडी लागत नव्हती.

कबऱ्याचं दुखणं

चौथ्या दिवशी बारा झाली. तेरावं, काळ्या-पांढऱ्या पिसांचं एक कबरं पिल्लू, धरेकच्या खालच्या फांदीवर जाऊन बसलं होतं. बीजींनी शिडी लावून उतरवलं, आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, याला झाडच आवडतंय. बीजी म्हणाल्या, 'पुत्तर, आत काहीतरी याला टोचतंय.'

असं एखादं पिल्लू वारंवार बाहेर झोपायला लागलं तर आधी खुराडं तपासा. बीजींनी सकाळी तेच केलं. बांबूच्या टोकांना, विटांच्या फटीत बोट फिरवून पाहिलं. तिथे बारीक लाल किडे लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात, अशा खुराड्यात कुठलीही शहाणी कोंबडी जाणार नाही. किडे नव्हते. भुसा ओला आहे का, कुबट वास येतो का, तेही पाहिलं. मग संध्याकाळी खुड्ड्याच्या जाळीपाशी बसून नुसतं बघत राहिल्या. बांबू एकच होता आणि पिल्लं वाढली होती. दोन दांडगे कोंबडे मधली जागा धरायचे आणि कबरं चढलं की टोचून खाली पाडायचे. त्याला उंच जागा हवी होती आणि ती झाडावर होती.

दुसऱ्या दिवशी बीजींनी मागच्या बाजूला, पहिल्यापेक्षा थोडा उंच असा आणखी एक बांबू बसवला. त्या रात्रीही कबऱ्याला उतरवूनच आणावं लागलं, पण नव्या बांबूवर ठेवल्यावर ते गप्प बसलं. पुढची दोन संध्याकाळ नातू धरेकखाली डबा घेऊन उभा राहिला, फांदीकडे झेप घ्यायच्या आत त्यानं कबऱ्याला दाण्यावर वळवलं. तिसऱ्या संध्याकाळी ते सगळ्यांत आधी आत गेलं. उंच जागा आधी जाणाऱ्याला मिळते, हे त्यानं कधी हेरलं कोण जाणे.

मोठ्या कोंबड्यांना एकेकीला वीतभर तरी जागा बांबूवर लागते. पिल्लांना सुरुवातीला कमी चालते म्हणून आपण एका बांबूवर भागवतो आणि महिन्याभरात ती दुप्पट होतात. खुराडं बांधतानाच पुढचा अंदाज घ्या.

अंधार न पाहिलेल्या कोंबड्या

कैंबवालापासून पूर्वेला, पंचकुला जिल्ह्यात बरवाला आणि रायपूर राणीचा पट्टा आहे. हा देशातल्या मोठ्या पोल्ट्री पट्ट्यांपैकी एक. बहिणीबरोबर गाडीनं त्या बाजूला गेले होते. लांबच लांब शेड आणि वाऱ्यावर येणारा तो ओळखीचा वास. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना रोज साधारण सोळा तास उजेड मिळावा अशी तिथली व्यवस्था असते, कारण अंडी उजेडाच्या हिशेबानं येतात. पिंजऱ्यातल्या कोंबडीला घरी परतायचं नसतं, ती कुठे गेलेलीच नसते. आपल्या ताटातलं ऑम्लेट बहुधा तिथूनच येतं, म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. पण बीजींच्या अंगणातून तिथे गेलं की टेकडीवर चढणारं ते ऊन आठवतं.

२०२१ च्या जानेवारीत याच पट्ट्यात बर्ड फ्लू आला आणि दीड लाखाहून अधिक पक्षी मारायचा निर्णय घ्यावा लागला. त्याआधी २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुखना तलावावरच्या बदकांमध्येही तो आढळला होता आणि तलाव काही काळ लोकांसाठी बंद ठेवला होता. हे सांगायचं कारण, सुखनावर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येतात आणि परसातल्या कोंबड्यांना रानपक्ष्यांपासून लांब ठेवणं हा खुराड्याचा दुसरा उपयोग. दाणा उघड्यावर टाकू नका, पाण्याचं भांडं झाकलेल्या जागी ठेवा, आणि खुराडं झाडून आल्यावर हात साबणानं धुवा, मुलांचेही. एकाच वेळी कोंबड्या मरायला लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडीची लस वेळच्या वेळी द्या. या रोगाचं दुसरं नाव राणीखेत, उत्तराखंडातल्या त्या सुंदर थंड हवेच्या गावावरून पडलेलं. बिचाऱ्या गावाचा काय दोष!

तुम्हाला पिल्लं आणायची असतील तर

आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राज्य सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केलीत तर पिल्लं कधी मिळतील ते कळतं. शहरात राहत असाल तर आधी महानगरपालिकेचा नियम आणि शेजाऱ्यांचा स्वभाव, दोन्ही तपासा. कोंबडा पहाटे चारला आरवतो आणि सोसायटीच्या सभेत त्याची बाजू घेणारं कुणी नसतं.

घरात एखादी जुनी, वळण असलेली कोंबडी असेल तर अर्धं काम झालं. पिल्लं तिच्या मागे जायला शिकतात. मात्र पहिल्याच दिवशी एकत्र सोडू नका. मध्ये जाळी ठेवून आठवडाभर एकमेकांना बघू द्या, नाहीतर जुनी कोंबडी घर दाखवायच्या आधी टोचून काढेल. आणि पाहुणे येणार, लग्नाला जायचं, गावाला जायचं, असे दिवस शिकवण्याच्या पंधरवड्यात नकोत. एक संध्याकाळ कुणी डालायला नसलं तरी पिल्लं दुसरी जागा शोधतात, आणि मग पुन्हा कोंडण्यापासून सुरुवात.

चंदिगढला जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीअखेर ते मार्च हे दिवस चांगले. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं असतं की कधी कधी सूर्य मावळला की नाही तेच कळत नाही, आणि कोंबड्याही चार वाजताच घराकडे बघायला लागतात. मे-जूनमध्ये दुपारनंतर धुळीचं वादळ उठतं, तिथे त्याला आंधी म्हणतात. आकाश काळवंडलं की कोंबड्या दिवसाढवळ्या खुड्ड्यात शिरतात आणि वादळ गेल्यावर पुन्हा बाहेर येतात, एकाच दिवसात दोन संध्याकाळी झाल्यासारख्या. निघायच्या आधी त्या दिवसाचा सूर्यास्त मोबाइलवर बघून घ्या आणि अर्धा तास आधी पोहोचा. कुणाच्या अंगणात डोकवायचं असेल तर आधी 'सत श्री अकाल' किंवा 'राम राम' म्हणा, बहुतेक ठिकाणी चहाशिवाय सोडणार नाहीत. फोटो काढायला हरकत नसते, फक्त फ्लॅश बंद ठेवा. उजेड चमकला की आत गेलेली पिल्लं पुन्हा बाहेर येतात आणि मग सगळी मोजणी पहिल्यापासून करावी लागते.